पहाटेची पहिली चावी: थंडीत पिकअप उशिरा का सुरू होते आणि आपण काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत निफाड, पिंपळगाव, दिंडोरीच्या कुठल्याही वस्तीवर पहाटे साडेचारला उभं राहा. कुणाच्या तरी पिकअपचा सेल्फ ऐकू येतोच. कुर्रर्र... कुर्र... कुर्र. मग शांतता, मग पुन्हा तेच. मागे क्रेट भरलेले असतात, ताडपत्री आवळलेली असते, नाशिकच्या मार्केटला वेळेत पोचायचं असतं आणि इंजिन काही उचलत नाही. शेवटी कशीबशी गाडी सुरू होते, धूर सोडते आणि निघून जाते. दिवसभर मग काही त्रास नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

पहिलीच पिकअप घेतलेली पोरं मला दर थंडीत विचारतात, "दादा, गाडी तर नवी आहे, मग सकाळीच का छळते?" मी फिटर नाही. भाजीपाला आणि द्राक्षं वाहून माझी बरीच वर्षं गेली, त्यात हा त्रास स्वतः भोगला आणि चांगल्या कारागिरांच्या शेजारी उभं राहून शिकलो. तेच इथे क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा बिघाड पहाटे पाचला असतो आणि अकराला नसतो. तुम्ही गॅरेजवर जाता तेव्हा इंजिन गरम असतं, ऊन पडलेलं असतं, फिटर चावी मारतो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तो म्हणतो, "काही नाही, चांगली आहे." त्याचं चुकत नाही, त्याच्यासमोर बिघाडच नसतो. त्यामुळे या दुखण्याचे साक्षीदार तुम्हीच आहात. पहाटेच्या पहिल्या चावीला काय झालं हे जो नीट बघतो, त्याचा निम्मा खर्च वाचतो.

थंडीत नेमकं होतं काय

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, दाबल्यामुळे ती तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तोच हा प्रकार. पंप जोरात मारला तर टोक तापतं. रेंगाळत मारला तर तापत नाही, कारण उष्णता बाहेर जायला वेळ मिळतो आणि वायसरच्या कडेने हवाही गळते.

आता पहाटेची पिकअप डोळ्यांसमोर आणा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात निफाडचं तापमान नोंदलं जातं, आणि थंडीच्या लाटेत तिथला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याचं आपण पेपरात वाचतोच. द्राक्षाच्या पानावर दव गोठलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. अशा रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत तीन गोष्टी एकदम बिघडतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिची ताकद कमी होते. इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणून क्रँक, म्हणजे पिस्टन हलवणारा इंजिनचा दांडा, फिरवायला जास्त जोर लागतो. आणि आत येणारी हवा मुळातच गार असते. उन्हाळ्यातल्या पस्तीस अंशांच्या हवेऐवजी पाच अंशांची हवा आत घेतली तर फरक तीस अंशांचा वाटतो, पण सोळा पट दाबल्यावर कागदावरच्या हिशेबात तोच फरक सत्तर-ऐंशी अंशांवर जातो. त्यात लोखंड गार, तेही उष्णता ओढून घेतं.

जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप होता. इंजिन फिरलं की डिझेल जायचं, पेटलं तर पेटलं. आताच्या कॉमन रेल गाड्यांत तसं नाही. त्यांत रेल नावाच्या एकाच जाड नळीत दाबाखाली डिझेल साठतं आणि तिथून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे फवारा मारणाऱ्या नळांना, जातं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हा धुराचा नियम आला, आणि आज जी नवी पिकअप तुम्ही घ्याल तिच्यात इंजेक्टर उघडायचा की नाही हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. क्रँकचा वेग पुरेसा आहे का, पिस्टन कुठे आहे, रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब तयार झाला का, हे सगळं तो तपासतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी तो डिझेल सोडत नाही, तुम्ही कितीही सेल्फ मारा. म्हणून सहा-सात अंशांच्या पहाटे एक-दोन सेकंद सेल्फ फिरून इंजिन उचललं तर त्यात काहीही वावगं नाही. जुन्या गाडीची सवय असलेले लोक उगाच घाबरतात. चार-पाच सेकंदांच्या वर जायला लागलं, किंवा गेल्या वर्षीपेक्षा यंदा स्पष्ट जास्त वेळ लागतोय, तर मात्र शोध घ्यायचा.

आधी कान द्या

"गाडी सुरू होत नाही" हे एक दुखणं नाही, दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्यात सेल्फच हळू फिरतो. आवाज जड, ओढल्यासारखा, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. हे विजेचं दुखणं आहे: बॅटरी, केबल, अर्थिंग, सेल्फ मोटार, किंवा चुकीचं घट्ट ऑइल.

दुसऱ्यात सेल्फ उन्हाळ्यासारखाच झपाट्याने फिरतो, पण इंजिन उचलत नाही. इथे बॅटरी बदलून काहीही होणार नाही. दुखणं डिझेल पोचण्यात आहे किंवा ते पेटण्यात आहे.

या दुसऱ्या दुखण्यात पुढचा फाटा सायलेन्सर दाखवतो. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा, हातात टॉर्च द्या. सेल्फ फिरताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे संशय ग्लो प्लगवर (सिलिंडर तापवणारा विजेचा हीटर) किंवा कॉम्प्रेशनवर (हवा दाबली जाण्यावर). धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, किंवा ईसीयू ते सोडत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, त्यात आवाज आणि धूर दोन्ही यायला हवेत. फिटरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगेल.

पहिली चावी कशी मारायची

बरेच नवे चालक चावी एका दमात शेवटपर्यंत फिरवतात. थंडीत हे करू नका.

आधी हेडलाइट, पंखा, टेप, मोबाईलचा चार्जर सगळं बंद. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधलं गार घट्ट तेल घुसळायचं ओझं सेल्फवर पडत नाही. मग चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि थांबा. डॅशबोर्डवर पिळदार तारेसारखं पिवळं चिन्ह दिसतं, ते ग्लो प्लगचं. ते विझेपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही. त्या दोन-पाच सेकंदांत प्लगचं टोक लालभडक होतं, आठशे अंशांच्या वर तापतं, आणि फवारा पेटायला जागा मिळते. त्याच वेळात टाकीतला पंप असेल तर तोही डिझेल पुढे ढकलतो.

चिन्ह विझलं की लगेच सेल्फ. अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, डिझेल किती द्यायचं ते ईसीयू बघतो. दहा सेकंदांत उचललं नाही तर सोडा, किमान अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटार थोड्या वेळासाठीच बनवलेली असते. सलग फिरवली तर आतलं वाइंडिंग तापतं आणि बॅटरीही बसते, म्हणजे एका दुखण्याची तीन होतात.

खूप गारठा असेल तर चावी ऑन करून चिन्ह विझू द्या, ऑफ करा, पुन्हा ऑन करून पुन्हा विझू द्या, मग सेल्फ मारा. दोनदा तापवल्याने बहुतेक गाड्यांत फरक कळतो. पण रोज असं केल्याशिवाय गाडी उठतच नसेल, तर एखादा प्लग गेलाय असं समजा. ही युक्ती त्या दिवशी मार्केट गाठण्यापुरती आहे.

सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. टर्बोपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवा आणि हळूहळू निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने. पंधरा मिनिटं उभी गाडी चालू ठेवायची जुनी सवय बीएस-६ गाडीला मारक आहे. गार इंजिनाची काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळीच्या गाळणीत, साठते आणि न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

सेल्फ हळू फिरतो तेव्हा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यात थंडीतल्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच सुटतात, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

एक साधा मल्टिमीटर घ्या. घरातल्या वायरिंगलाही उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी पहाटे चावी लावायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर त्या थंडीत तिच्याकडून फार अपेक्षा नको. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकलीय किंवा रिकामी आहे. रात्रभर चार्जरवर लावून पुन्हा तपासा. भरूनही घसरत असेल तर बदलायची वेळ आली. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर हुशारीने हे कमी-जास्त करतो, तरी साडेतेराच्या खाली कायम राहत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर दाखवा.

बॅटरी उन्हाळ्यात झिजते आणि हिवाळ्यात उघडी पडते, हे लक्षात ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात आतल्या प्लेटा खराब होतात. तेव्हा सेल्फला कमी जोर लागतो म्हणून कळत नाही. पहिली थंडी पडली की कळतं. त्यात आपल्या कितीतरी गाड्या वस्तीपासून शेडपर्यंत आणि शेडपासून शेतापर्यंत दोन-दोन किलोमीटर फिरतात. एका सेल्फला जेवढी वीज गेली तेवढी परत भरायच्या आतच गाडी बंद होते. अशी गाडी असेल तर थंडीत महिन्यातून एकदा रात्रभर बॅटरी चार्जरवर लावा.

"हेडलाइट तर लख्ख लागतात, मग बॅटरी चांगली आहे" ही समजूत मोडून काढायला हवी. हेडलाइटला दहा-बारा अँपिअर पुरतात. सेल्फला गार इंजिन हलवायला शेकड्यांनी अँपिअर लागतात. घागर भरणारा नळ वेगळा आणि ठिबकचा थेंब वेगळा.

हे मला महागात शिकावं लागलं. पाचेक वर्षांची गाडी होती, जानेवारी होता. पहाटे सेल्फ ओढायला लागला. दुकानात गेलो, बॅटरी गेली म्हणाले, नवी घेतली. दहा-पंधरा दिवस बरं चाललं आणि गारठा वाढताच पुन्हा तेच कुर्र... कुर्र. दुकानदार म्हणाला, आता सेल्फ उघडावा लागेल. सुदैवाने त्या संध्याकाळी ओळखीच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. ते म्हणाले, "गाडी रात्रभर इथेच ठेव, सकाळी माझ्याआधी चावी लावू नकोस."

सकाळी सहाला पोचलो. बोनेट उघडलं. त्यांनी मीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली, वरच्या क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मला म्हणाले, मार सेल्फ. दोन्ही टोकं एकाच अर्थची, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. तिथे १.४ व्होल्ट आले. बारातले जवळपास दीड व्होल्ट सेल्फपर्यंत पोचायच्या आधीच रस्त्यात संपत होते.

ते खाली सरकले आणि गिअरबॉक्सजवळून चेसिसला जाणारी जाड वेणीची पट्टी दाखवली. वरून ती ठीक दिसत होती. बोल्ट सोडल्यावर तिच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट पांढरी भुकटी निघाली, ओल्या मिठासारखी बोटाला चिकटणारी. आमची गाडी हंगामात खताच्या गोण्या वाहते, फवारणीच्या औषधाचे कॅन वाहते, आणि नंतर वॉशिंगवर प्रेशरचं पाणी खालून मारून घेतो. ते सगळं त्या सांध्यात मुरलं होतं. त्यांनी पॉलिश पेपरने लग घासला, चेसिसवरची जागा चकचकीत होईपर्यंत खरवडली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा सेल्फ मारला. मीटरवर ०.१५. आणि सेल्फचा आवाज मे महिन्यासारखा आला.

हिशेब साधा आहे. सेल्फमधून ३०० अँपिअर जात असतील आणि सांध्यात फक्त ०.०१ ओहम अडथळा असेल, तर ३ व्होल्ट तिथेच गेले. एवढा अडथळा साध्या मीटरच्या ओहमवर दिसतही नाही, दिवा लावून पाहिला तरी कळत नाही. तो सेल्फ फिरत असतानाच पकडता येतो. म्हणून बॅटरीवर पैसे घालायच्या आधी ही दोन मापं घ्या: निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ०.३ व्होल्टच्या आत, आणि पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत ०.५ च्या आत. सुया टेकवताना बेल्ट-पंख्यापासून हात, मफलर, शालीचं टोक लांब ठेवा. पहाटे अंगावर शाल असतेच, आणि इंजिन एकदम उचलू शकतं.

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरं-निळसर फूल आलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला तर पाना लागून शॉर्ट व्हायचा धोका राहत नाही. पाणी भरायची बॅटरी असेल तर प्लेटा बुडून वर सेंटिमीटरभर डिस्टिल्ड पाणी हवं. बिसलेरी किंवा बोअरचं पाणी नको.

रात्री १२.६ आणि सकाळी १२.१ अशी बॅटरी उतरत असेल तर कुणीतरी रात्रभर वीज खातंय. जीपीएस, बाहेरून बसवलेला टेप, रंगीत पट्ट्या, जादा हॉर्न, यांची वायर चावीच्या मागून न घेता थेट बॅटरीवरून घेतलेली असते. इलेक्ट्रिशियनकडून बंद गाडीचा करंट मोजून घ्या. गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर तो पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवा.

हे सगळं ठीक निघालं तर राहतो सेल्फ स्वतः: झिजलेले कार्बन, सुकलेलं बुश. आणि एक तपासा, शेवटचं ऑइल कुणी कुठलं टाकलं? पुस्तिकेत पाचडब्ल्यू-३० लिहिलंय आणि ओळखीच्या दुकानातून वीसडब्ल्यू-५० टाकलं असेल, तर पहाटे ते काकवीसारखं वागतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं थंडीत पातळ. नाशिकच्या थंडीला पंधराडब्ल्यू-४० चालतं, पण तुमच्या पुस्तिकेने सांगितलं असेल तरच. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचंच ऑइल लागतं.

सेल्फ जोरात, इंजिन गप्प

पांढरा धूर येतोय तर ग्लो प्लग आधी. चारपैकी एक गेला तर गाडी थरथरत, तीन सिलिंडरवर उठते आणि अर्ध्या मिनिटात सुधारते. दोन गेले की पहाटे रडकुंडीला आणते. डॅशबोर्डचं चिन्ह लागतं म्हणजे प्लग चांगले असं नाही. ते चिन्ह ईसीयूने ठरवलेली वेळ दाखवतं.

तपासणी सोपी आहे. प्लगवरची वायर काढा, मीटर ओहमवर ठेवून प्लगचं टोक ते इंजिनचं लोखंड मोजा. साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आलं तर तार शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. प्लग काढून थेट बॅटरी लावून लाल होतो का बघायची जुनी रीत नव्या गाड्यांवर वापरू नका. काही प्लग चार-पाच व्होल्टचेच असतात, बारा व्होल्टने क्षणात जळतात. प्लग बदलायचा तर गरम इंजिनवर, हळू हाताने, टॉर्क पान्याने. अडकलेला प्लग हेडमध्ये तुटला तर खर्च कुठच्या कुठे जातो. चारही प्लग ठीक असतील तर त्यांचा रिले, फ्यूज आणि कंट्रोलर बघा. काही पिकअपमध्ये ग्लो प्लगऐवजी हवेच्या वाटेत हीटर असतो, काहींत काहीच नसतं, तेव्हा आधी आपल्या गाडीची पुस्तिका उघडा.

धूर नाहीच, तर डिझेलची वाट धरा. रात्रभरात लाइन मागे रिकामी होते, म्हणजे कुठेतरी एअर धरतेय. फिल्टरजवळ रबरी हातपंप असेल तर पहाटे सेल्फच्या आधी तो कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी पटकन उठली तर एअरच आहे: क्लिप, ओ-रिंग, चिरलेला पाइप, फिल्टरचं ढिलं झाकण. फिल्टरखालचा खटका सोडून पाणी काढा. पावसाळ्यात ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमधून ते येतं. फिल्टर दिवाळीच्या सुमारास बदलून टाका, हंगामाच्या मध्यात नको.

डिझेल गोठतं का, हा प्रश्न दरवर्षी येतो. डिझेलमध्ये मेण असतं आणि गारठ्यात त्याचे कण फिल्टरवर बसतात. भारतीय मानकात हिवाळी डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे. म्हणून पंपावरून थंडीत ताजं भरलेलं डिझेल आपल्याकडे सहसा त्रास देत नाही. पण मे महिन्यात कॅन भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीच्या लाटेत ओतलंत, तर निफाडलाही फिल्टर तुंबू शकतो. गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत दम तोडते, हे त्याचं लक्षण. बीएस-६ मध्ये एससीआर (धूर साफ करणारी यंत्रणा) असेल तर त्याचं डीईएफ, म्हणजे वेगळ्या टाकीतलं युरियाचं पाणी, मात्र उणे ११ अंशांना गोठतं, त्याची काळजी नाशिकला करू नका.

एअर नाही, फिल्टर नवा, तरी रेलचा दाब चढत नसेल तर स्कॅनर लावावाच लागतो. गळणारे इंजेक्टर डिझेल परतीच्या नळीत सोडून देतात आणि दाब तयारच होत नाही. क्रँक सेन्सरचा सिग्नल थंडीत तुटत असेल तेही स्कॅनरवर दिसतं. ही कामं ज्याच्याकडे साधनं आहेत त्याच्याकडेच द्या.

केरोसीन, ईथर, जाळ

टाकीत केरोसीन घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. मायको सर्कल ज्या कारखान्याच्या नावावरून पडलं, त्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. तिथे काम केलेला शेजारी तुमच्या ओळखीत असेलच, त्याला विचारा. आतल्या सुईची फट मायक्रॉनमध्ये मोजतात. केरोसीनने ती घासली की लोखंडाचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो.

हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारणं त्याहून घातक. आत लालभडक ग्लो प्लग, त्यावर ईथर. वेळेआधी भडका होऊन पिस्टन फुटतो, कधी पाइप तोंडावर उडतो. आणि ऑइल चेंबरखाली गोवऱ्या किंवा चिंध्या पेटवणं तर कधीच नको. द्राक्षबागेत गारठ्यापासून घड वाचवायला आपण शेकोट्या करतो, ते मोकळ्या रानात. गाडीखाली प्लास्टिकच्या डिझेल नळ्या आणि वायरिंग असतं. त्यापेक्षा रात्री गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घ्या, तोंड भिंतीकडे करा, बोनेटवर जुनं गोणपाट टाका आणि सकाळी चावी लावण्याआधी ते आठवणीने काढा.

ढकलून सुरू करण्याबद्दलही सांगतो. बॅटरी पूर्ण बसली असेल तर ईसीयूच जागा होत नाही, मग दहा जणांनी ढकलून उपयोग नाही.

जंप केबल लावायची वेळ आलीच तर

मदतीची गाडी १२ व्होल्टचीच हवी. हे मी मोठ्याने सांगतोय, कारण हायवेवर पहाटे सगळ्यात आधी थांबतो तो मोठा ट्रक, आणि मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिची केबल तुमच्या पिकअपला लागली तर ईसीयू जळू शकतो.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल केबलचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग ग्लोचं चिन्ह विझू देऊन सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. केबल जाड घ्या. बारीक केबल तापते आणि सेल्फ तरीही कुंथतो, तेच ०.०१ ओहमचं गणित.

फिटरकडे जाताना

गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि "सकाळी पहिली चावी तुम्हीच मारा" असं सांगा. सोबत पहाटेचा व्हिडिओ आणि कागदावर लिहिलेली मापं द्या: चावीआधीचं व्होल्टेज, सेल्फ फिरतानाचं, अर्थमधली घट, किती सेकंद लागले, धूर कसा होता, त्या पहाटे किती थंडी होती. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी, बॅटरीवरची तारीख काय, तेही लिहा. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ही तक्रार जॉबकार्डावर शब्दशः लिहून घ्या, "थंड इंजिनाला सकाळी इतके सेकंद लागतात" अशी, आणि प्रत घरी ठेवा. मापं ठीक असूनही त्यांनी बॅटरी किंवा इंजेक्टर बदलायला सांगितलं, तर कुठल्या आकड्यावरून हे ठरवलं ते विचारा आणि तो आकडा त्याच कागदावर लिहून घ्या.